खडीच्या ढिगावरची वीणा

शुक्रवार, १९ जानेवारी १९७३

केडगावच्या मेव्हण्याने दिवाळीत ही डायरी दिली तेव्हा मी हसलो होतो. पेरलेलं उगवलं नाही, मग रोज लिहायचं काय? आज मात्र लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही. पन्नाशीला टेकलेल्या माणसाच्या छातीत असं धडधडणं शोभत नाही, पण धडधडतंय.

आमची सगळी टाकळवाडी सध्या सडकेच्या कडेला बसून खडी फोडते. दुष्काळी काम. खडीचे ढीग बैलगाडीच्या वर गेले आणि सडकेचा पत्ता नाही. इकडे गावाच्या उशाशी, नागदऱ्याच्या तोंडाशी पाझर तलावाची जागा मोजून ठेवली आहे. चुन्याचे पट्टे मारले होते, ते शेळ्यांच्या पायांनी पुसत आले. तलाव झाला तर पुढचा पाऊस तरी थांबेल, विहिरीत उतरेल. हात तेच, मजुरी तीच, फक्त काम तिकडे द्यायचं. तेवढं कचेरीतून होत नाही.

संध्याकाळी मारुतीच्या पारावर बैठक झाली. आमच्या टोळीची पुढारीण रतनआक्का, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, हातोडा गड्यासारखा चालवते. ती म्हणाली, "फोडल्याला दगुड खाता येत न्हाई आन् पिताबी येत न्हाई. किती फोडायचा?"

माझा धाकटा भाऊ बन्सी लगेच उठला. "मामलेदाराला खुर्चीसकट उचलू आन् नागदऱ्यात ठिवू. बस म्हनावं हितं, पानी येईस्तवर."

लोक हसले, पण मोर्चाला परवानगी मिळणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेजारच्या गावाला मागच्या महिन्यात तालुक्याच्या वेशीवरूनच परत पाठवलं. शेवटी मी बोललो. मी बैठकीत कधी बोलत नाही. देवळात वीणा गळ्यात असते, तेव्हा नामाशिवाय बोलायचंच नसतं; ती सवय बाहेरही लागली आहे.

मी म्हणालो, "औंदा भंडाऱ्याला दाना न्हाई म्हनून सप्ताह बंद ठेवलाय ना? तो कचेरीसमोर बसवू. सात दिवस अखंड नाम. मागनं एकच, तलावाचं काम."

मग चांदभाई म्हणाला, "बुवा, देवाचं नाव घ्यायला परवानगी लागत आसंल तर मला दोन अर्ज द्यावं लागतील." चांदभाई आमच्या हातोड्यांना दांडे बसवतो आणि भजनात पखवाजही तोच वाजवतो. एवढा हशा झाला की कुत्री भुंकायला लागली. ठरलं.

सोमवार, २२ जानेवारी

दिवसभर खडी फोडताना बायका ठरवत होत्या, कोणत्या गड्याने वीणा घेऊन कधी उभं राहायचं, त्या पहाऱ्याच्या पाळ्या. मुकादम विचारतो, "कसलं चाललंय?" रतनआक्का म्हणते, "देवाचं." तो पुढच्या ढिगाकडे वळतो.

वीणेला नवीन तार लावली. नियम सगळ्यांना पुन्हा सांगितला. सप्ताह उठेपर्यंत वीणा खाली टेकायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. ज्याच्या गळ्यात वीणा, त्याने बसायचं नाही, नामाशिवाय शब्द काढायचा नाही, हात उगारायचा नाही. बन्सी म्हणाला, "म्हंजे मला वीना द्यायचीच न्हाई असं ठरलं तर." बरोबर बोलला.

रविवार, ४ फेब्रुवारी

उद्या निघायचं. बायकोने, गोजराने, रेशनच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी बांधल्या. बांधताना तोंड चालूच होतं.

"घरात हंडाभर पानी आनायचं म्हटलं की तुमची कंबर धरती. आन् सात दिस उभं ऱ्हायला कंबर कुठून आनली?"

मी म्हणालो, "तू येऊ नको मग."

"मी न्हाई यायची? तलाव झाल्यावर पानी कोन भरनार हाय, तुमी?"

लहानपणी जत्रेच्या आदल्या दिवशी जसं व्हायचं तसं होतंय. देवा, यात माझा मोठेपणा शिरू देऊ नको. कल्पना माझी होती हे आज मी तीन जणांना सांगितलं.

सोमवार, ५ फेब्रुवारी

काय दिवस! तालुक्याच्या कचेरीसमोर मोठा कडुनिंब आहे. त्याखाली पहाटेच पताका रोवली, देवाची तसबीर मांडली आणि पहिला पहारा मी घेतला. कारकून मंडळी आली ती थबकलीच. एकाने सवयीने चपला काढल्या, मग आपण कचेरीत चाललोय हे आठवून पुन्हा घातल्या. मामलेदारसाहेब गाडीतून उतरले, वीणा बघून त्यांनी हात जोडले. रतनआक्काने अर्ज पुढे केला. साहेब म्हणाले, "बघतो, बघतो," आणि आत गेले. बन्सी म्हणाला, "देवाला हात जोडले आन् आपल्याला दार लावलं."

दुपारी शेजारच्या गावचे लोक टाळ घेऊन आले. त्यांनाही तलाव हवाय. रस्त्यावरचे टांगेवाले थांबून ऐकत होते. येणारा जाणारा वाकून माझ्या पायाला हात लावतो. वीणेकऱ्यासमोर वाकलं की हात पायाकडेच जातो, पाया पडणाऱ्याचं वय कोणी बघत नाही. गोजराही पडली, पण पडताना पायाला चिमटा काढला. मला हसताही येईना.

बुधवार, ७ फेब्रुवारी

माणूस मावत नाही. कर्जतच्या बाजूनेही एक दिंडी आली. इतक्या टाळांचा आवाज कचेरीच्या भिंतीला आपटून परत येतो तेव्हा अंगावर काटा येतो. मी आयुष्यात एवढ्या लोकांबरोबर एक गोष्ट मागितलेली नाही. शेतात माणूस एकटाच आभाळाकडे बघतो.

आज रतनआक्काने नवीन काढलं. खडीवरच्या सगळ्या बायका डोक्यावर पाटी घेऊन आल्या. पाटीत त्यांनी स्वतः फोडलेली खडी. एकेक जण कडुनिंबाखाली पाटी रिकामी करी आणि म्हणे, "घ्या सायेब, तुमची खडी. आता आमचा तलाव द्या." ओवाळायला आल्यासारख्या रांगेने आल्या. मला ते इतकं आवडलं की डोळे भरून आले. चांदभाईने ढिगाचा माथा सपाट केला, त्यावर आपली घोंगडी अंथरली आणि म्हणाला, "वीना आता उंच उभी करा, लांबून दिसू द्या." तेव्हापासून वीणेचा पहारा खडीवर.

संध्याकाळी पोलिसांच्या दोन गाड्या आल्या. फौजदार ढिगाभोवती फिरला. "एवढे दगड कशाला जमवलेत?"

रतनआक्का म्हणाली, "तुमचेच हायती की. तुमीच फोडायला लावले."

सगळे हसले. फौजदार हसला नाही. मी तेव्हा वर उभा होतो आणि तो हसला नाही हे मला सगळ्यांच्या आधी दिसलं. तरी मनात काही आलं नाही. आम्हाला खडी म्हणजे दिवसाची मजुरी. तो तिला दुसरं काही समजेल असं सुचलंच नाही.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

बोट सुजलंय. उद्या लिहीन.

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

लिहितो. जसं झालं तसं.

काल आठवड्याचा बाजार होता, गर्दी दुप्पट. सकाळचा पहारा माझा. फौजदार आला आणि म्हणाला, ढीग आत्ताच्या आत्ता हलवा, रस्ता मोकळा करा. रतनआक्का म्हणाली, "सप्ताह उठल्यावर हलवू. आता त्यावर वीना उभी हाय." मग तो माझ्याकडे वळला. "बुवा, तुम्ही शहाणे दिसता. खाली उतरा आणि ह्यांना सांगा."

मी "रामकृष्णहरी" म्हणालो. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हणालो. माझा नियम त्याला माहीत नव्हता. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. त्याचे कान लाल झाले.

शिट्टी वाजली.

आमचे लोक बसलेले होते. बसलेल्या माणसावर काठी कशी पडते ते मी उंचावरून पाहिलं. आधी टाळ थांबले नाहीत, कारण मागच्यांना कळलंच नव्हतं. पुढे मार चाललाय आणि मागे नाम चाललंय. मग एकेक टाळ बंद पडत आला. शेजारच्या गावचा म्हातारा छगन डोकं धरून आडवा झाला, पागोट्यातून रक्त. चांदभाई पखवाजावर पालथा पडला, त्याच्या पाठीवर काठ्या पडल्या. रतनआक्का हात जोडून उभी राहिली तर तिच्या खांद्यावर मारलं, ती गुडघ्यावर आली. गोजरा तिला धरायला धावली. काठी आली तशी तिने डावा हात वर केला. बांगड्या फुटल्याचा आवाज मला त्या सगळ्या गलक्यात ऐकू आला. तो अजून कानात आहे.

मला कोणी हात लावला नाही. ढिगापाशी आलेला एक शिपाई वीणा बघून थांबला, काठी खाली केली आणि वळसा घालून पलीकडच्यांना मारायला गेला. माझ्याभोवती तेवढी जागा मोकळी राहिली. तेच मला सहन होत नाही.

बाहेरून मी नाम घेत होतो, तार छेडत होतो. आतून काय होतं ते इथे लिहून ठेवतो, देवाला ठाऊक आहेच. पायाखाली एवढी खडी. मूठभर, धारदार, फेकायला नेमकी. माझे डोळे त्या शिपायाच्या मानेवर होते. बन्सी गर्दीतून उसळी मारून माझ्याकडे आला. त्याचं तोंड मी असं कधी पाहिलं नव्हतं. माझ्या पायाशी तो वाकला. माझ्या मनात एकच शब्द होता, उचल. देवाच्या नावाच्या प्रत्येक ठेक्याला तोच शब्द.

आणि बन्सीने माझ्या पायाला हात लावला. कपाळाला लावला. माझ्याकडे वर बघितलं, रडायला लागला, आणि तसाच रिकाम्या हाताने पळत जाऊन रतनआक्कावर आडवा पडला. पुढच्या काठ्या त्याने खाल्ल्या. त्या वेळी पाया पडायचं त्याला काय सुचलं, मला कळत नाही. त्याच्या मागून आणखी दोघे-तिघे तरुण आले होते. तेही थबकले, पाया पडले आणि माघारी जाऊन जखमींना उचलू लागले. शेवटपर्यंत एकही दगड उडाला नाही. लोकांचं शहाणपण. मी त्यात काही केलं नाही.

धरपकड झाली. बन्सी, चांदभाई, पुढचा पहारा ज्याचा होता तो सहादेव, हाती लागला तो पुरुष गाडीत घातला. जखमींना दवाखान्यात नेलं. कडुनिंबाखाली चपला, टाळ, भाकरीचे तुकडे. मी आणि वीणा. माझा पहारा कधीच संपला होता, पण घ्यायला कोणी नव्हतं. मग म्हाताऱ्या बायका परत यायला लागल्या. एक आली, खाली बसली, तिने टाळ उचलला. मग दुसरी. उन्हं उतरली तेव्हा पुन्हा कचेरीच्या ओट्यापर्यंत माणसं होती.

गोजरा दवाखान्यातून आली. डावा हात फळी बांधून झोळीत. ती समोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुमी बघत हुते."

एवढंच. वीणा गळ्यात होती, नामाशिवाय शब्द काढायचा नव्हता. नाम घेता घेता माझा आवाज फाटला.

तिने माझ्या पायांकडे बघितलं. ते सुजून खडीत रुतले होते. बोटातून तारेवर रक्त आलं होतं. ती ढिगावर चढली. "द्या हिकडं."

आमच्या गावात बाईने वीणा कधी घेतलेली नाही. नियम कुठे लिहिलेला नाही, पण घेतलेली नाही. खालच्या बायकांचे टाळ थांबले. मी विचारू कोणाला? मी मान वाकवली. तिने वीणा गळ्यात घातली. झोळीत बांधलेल्या हातावर वीणा अशी टेकली जणू झोळी त्यासाठीच होती. उजव्या हाताने तिने तार छेडली. रतनआक्का दवाखान्यातून येऊन कडुनिंबाखाली बाजेवर पडून होती, ती तिथून ओरडली, "म्हना गं!" आणि सगळ्या बायकांनी नाम उचललं.

मी बसलो. भाकरी हातात घेतली आणि पोरासारखा रडलो.

शनिवार, १० फेब्रुवारी

मन थाऱ्यावर नाही. एक विचार सुटत नाही. त्या फौजदाराला मी माणसासारखं म्हणालो असतो, "साहेब, ढीग हलवतो," तर? एक वाक्य. नियम मोडला असता, गोजराचा हात मोडला नसता. हे मी तिला बोलून दाखवलं. ती म्हणाली, "त्यांनी काठ्या आधीच आनल्या हुत्या. तुमच्या वाक्यासाठी गाड्या भरून मानसं आनत न्हाईत." मग झोळी सारखी करत, "पर बोलायला पायजे हुतं."

दोन्ही खरं असावं. आज पहारा घेताना शिपाई समोरच बसलेले होते. गोजराला मारणारा त्यांच्यात होता. त्याच्याकडे बघत नाम घ्यायचं ठरवलं. आधी दात आवळले गेले. मग बघत राहिलो. भेगाळलेल्या टाचा, बूट काढून बसला होता. मिलो खातो का विचारावंसं वाटलं, इतकंच. राग गेला नाही. पण बाजूला सरकून बसला, गाडीत नवा माणूस आला की सरकतात तसा.

सोमवार, १२ फेब्रुवारी

सप्ताह उठला! गाड्या भरून गावं आली. पकडलेली माणसं सकाळीच सोडली, ती थेट कडुनिंबाखाली. चांदभाईची पाठ काळीनिळी, पण फाटलेल्या पखवाजासाठीच हळहळत होता. "कातडं माझं भरून येतंय. ह्याचं कोन भरनार?"

काल्याला लाह्या नव्हत्या. कामावर वाटतात त्या सुकडीत ताक कालवलं आणि हंडी फोडली. असला गोड काला मी खाल्ला नाही. आणि काला चालू असताना नगरहून मोठे साहेब आले. त्यांनी गोजराचा हात बघितला, खडीचा ढीग बघितला, मामलेदारांना आत घेऊन गेले. बाहेर येऊन त्यांनीच सांगितलं: नागदऱ्याचं काम महिनाअखेर सुरू करू. टाळ्या, टाळ, शिट्ट्या, बायकांच्या फुगड्या. मी वीणा देवापुढे ठेवली आणि गळा इतका हलका वाटला की भीती वाटली.

बोलले ते करतील का? बन्सी म्हणतो, न करतील तर पुढचा सप्ताह त्यांच्या बंगल्यात.

गुरुवार, १ मार्च

केलं! आज नागदऱ्यात पहिली कुदळ पडली. नवीन चुन्याचे पट्टे, पांढरेशुभ्र. रतनआक्काला खांदा अजून उचलत नाही, तरी ती धरणाच्या पायापाशी उभी राहून सगळ्यांवर ओरडत होती. गोजरा एका हाताने पाणी वाटत होती. "घरचं पानी आनायला कंबर धरती तुमची, हितं बरी सरळ झाली," असं मला सगळ्यांसमोर ऐकवून गेली.

दुपारी बन्सी आणि मी बाभळीखाली भाकरी खात होतो. एवढे दिवस विचारायचं होतं, आज विचारलं. "त्या दिवशी मार चालू आसताना पाया कशाला पडलास?"

तो खाली बघून हसला. "पाया कोन पडतंय? दगुड घ्यायला आल्तो. वाकलो, आन् हाताला तुझं पाय आलं. वीनेसमोर वाकलं की हात कुठं जातोय ते त्याला कोन शिकवायचं? आन् मग वर बघितलं तर तुझं तोंड इतकं शांत, दादा. मला माझीच लाज वाटली. म्हटलं, हा मानूस आसं बगतोय आन् मी काय करतोय."

मी भाकरी खाली ठेवली. तो मला साधू समजून भाकरी खात होता, ते मला बघवेना.

"बन्सी," मी म्हणालो, "मी मनात 'उचल' म्हनत हुतो."

त्याने तोंडातला घास गिळला. मग एवढ्या जोराने हसला की धरणाच्या पायाजवळच्या बायका वळून बघायला लागल्या. "आरं मग बोलायचं की तवाच!"

"वीना गळ्यात हुती," मी म्हणालो. "बोलायची सोय नव्हती."

तो पोट धरून आडवा झाला. मीही हसलो, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तिकडून रतनआक्का ओरडली, "ए दोन भावंडांनो, तलाव काय हसून भरनार हाय का?"

आम्ही उठलो. बन्सीने माझी कुदळ आधी माझ्या हातात दिली, मग आपली घेतली.